लेझीम दीड तास, तबला दहा मिनिटंही नाही: मुलं संगीत का सोडतात, का टिकतात?

गेल्या जुलैत आमच्या क्लासमधून सातवीतल्या एका मुलाचं नाव कमी झालं. तीन वर्षं तबला शिकत होता, दोन परीक्षाही झाल्या होत्या. राहिलेली फी द्यायला आई आली आणि दारातच म्हणाली, "बाई, याला चिकाटीच नाही हो. दहा मिनिटं बसवत नाही तबल्यापुढं."

ऑगस्टमध्ये एका रात्री साडेनऊच्या सुमाराला मी औषधं आणायला निघाले होते. रस्त्यावरच्या दिव्याखाली गणपती मंडळाच्या लेझीमचा सराव चालला होता आणि दुसऱ्या रांगेत हाच मुलगा होता. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. एकाचा डाव चुकला की हलगीवाला थांबायचा आणि सगळी रांग पुन्हा पहिल्यापासून. मी मैत्रिणीकडं बसून अकराला परत आले, तरी तो तिथंच होता आणि तोच डाव घोटत होता.

या मुलाला चिकाटी नाही, असं कसं म्हणायचं?

मी गाणं शिकवते, शेजारच्या खोलीत आमचे सर तबला शिकवतात. दर जूनमध्ये एकाच पंधरवड्यात दोन प्रकारचे पालक भेटतात. दहावीचा निकाल लागला की शास्त्रीय संगीताच्या परीक्षांसाठी मिळणाऱ्या वाढीव गुणांची चर्चा सुरू होते, मग फोन येतात, "किती परीक्षा दिल्या की गुण मिळतात?" आणि त्याच दिवसांत चार-पाच वर्षं शिकलेली मुलं निघून जातात. परीक्षेच्या केंद्रावर प्रारंभिकच्या, म्हणजे पहिल्या परीक्षेच्या दिवशी दाराबाहेर चप्पल ठेवायला जागा नसते. विशारदच्या, म्हणजे वरच्या परीक्षेच्या दिवशी सगळे एका सतरंजीवर मावतात. मधली मुलं कुठं जातात, याचं उत्तर आपण पटकन देतो: आवड राहिली नाही, अभ्यास वाढला, मोबाईल आला. यातलं थोडं खरं आहे. पण मुलांच्या मनात नेमकं काय घडतं यावर गेली पन्नासेक वर्षं मानसशास्त्रज्ञ काम करत आहेत आणि त्यांना जे सापडलं ते आपल्या सवयीच्या उत्तरांपेक्षा बरंच वेगळं आहे.

शिडीची एक पायरी फार उंच आहे

आधी शिडी समजून घेऊ. विष्णू दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. पुढं त्यांच्या शिष्यांनी 1931 मध्ये अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं, त्याच्याच परीक्षा आपल्याकडची बहुतेक मुलं देतात. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण. विशारदपर्यंत एकूण सात. वर्षाला एक धरली आणि मूल आठव्या वर्षी बसलं, तर शेवटच्या पायऱ्या नेमक्या नववी-दहावीत येतात. इथवर सगळ्यांना दिसतं.

मध्यमेपाशी काय होतं, ते मात्र बाहेरून दिसत नाही. तोवर मूल छोटा ख्याल गातं. तीनतालातली चटपटीत बंदिश, वहीत लिहून दिलेल्या आठ-दहा ताना, त्या पाठ केल्या की टाळ्या. मध्यमेच्या आसपास विलंबित ख्याल येतो. एकतालाच्या बारा मात्रा इतक्या संथ होतात की एक आवर्तन, म्हणजे तालाची एक पूर्ण फेरी, मिनिटभर चालतं. त्या मिनिटात गायचं काय, ते वहीत नसतं. रागाच्या स्वरांतून स्वतः आलाप रचायचा आणि बरोबर समेवर यायचं, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर बंदिशीचा मुखडा, तिची सुरुवातीची ओळ, आणून ठेवायचा. कालपर्यंत पाढे म्हणणाऱ्या मुलाला एकदम निबंध लिहायला बसवावं, तसं हे आहे. तीन वर्षं ज्याला "छान, छान" ऐकायची सवय झाली ते मूल महिनाभर रोज चुकतं. समेच्या आधी संपतं, नाहीतर सम निघून गेल्यावर पोहोचतं. घरी जाऊन ते एवढंच म्हणतं, "कंटाळा येतो."

माझ्याकडं गाणं सोडलेल्या मुलांपैकी कितीतरी याच पायरीवरून उतरली आहेत. शिकवणारे आम्ही ही पायरी आधी सांगत नाही, ही आमची चूक आहे. हल्ली मी प्रवेशिकेपासूनच दर आठवड्याला पाच मिनिटं ठेवते: भूप रागाचे पाच स्वर, वही बंद, हवं ते गा. वेडंवाकडं गातात. पण मिनिटभराची मोकळी जागा पुढं आली की घाबरत नाहीत.

मनाला लागणाऱ्या तीन गोष्टी

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठातल्या दोघांनी 'स्वयंनिर्णय सिद्धांत' मांडला. नाव जड आहे, म्हणणं सोपं आहे. कोणतंही काम माणूस आपणहून करत राहायला हवं असेल, तर तीन गोष्टी मिळत राहाव्या लागतात. हे मी माझ्या इच्छेनं करतोय असं वाटणं. हे मला जमतंय, कालच्यापेक्षा आज बरं जमतंय असं वाटणं. आणि हे करताना माझी माणसं माझ्याबरोबर आहेत असं वाटणं. मी पालकांना सांगताना यांना 'माझं मी', 'जमतंय' आणि 'आपली माणसं' म्हणते.

आता लेझीमच्या रांगेकडं पुन्हा बघा. त्या मुलाला तिथं कुणी ढकललं नव्हतं. डाव लहान असतो, तासाभरात बसतो आणि बसला की अंगाला कळतं. शेजारी गल्लीतली पोरं आणि मिरवणुकीत सगळी पेठ बघायला उभी. तिन्ही गोष्टी भरपूर. आणि घरचा तबला? आई म्हणते म्हणून बसायचं, तोच कायदा (तबल्याच्या बोलांची ठरलेली रचना) चौथ्या महिन्यात, बंद खोलीत एकटं. तिन्ही गोष्टी शून्याजवळ. मूल तेच, हात तेच, ताल तोच.

ऑस्ट्रेलियात गॅरी मॅकफर्सन या संशोधकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शाळेत वाद्य शिकायला लागलेल्या 157 मुलांचा वर्षानुवर्षं माग ठेवला. पुढं यातल्या वाढलेल्या मुलांना त्यांनी विचारलं की संगीतात सर्वांत रमला होतात तेव्हा कसं वाटायचं आणि सोडलं तेव्हा कसं वाटत होतं. सोडतानाच्या काळात याच तीन गोष्टींची उपासमार झाली होती. याच मुलांना शिकायला लागण्याआधी एक साधा प्रश्न विचारला होता, "हे वाद्य तू किती दिवस वाजवशील असं तुला वाटतं?" आपण खूप वर्षं वाजवणार असं ज्यांना आधीच वाटत होतं, ती मुलं तेवढ्याच सरावात इतरांपेक्षा पुढं गेली. म्हणजे सरावाच्या मिनिटांइतकंच, ती मिनिटं कुठल्या मनानं काढली हे मोजायला हवं.

ओल

आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला हे ज्वारीवरून लगेच कळेल. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी पेरतात तेव्हा पाऊस संपत आलेला असतो. पुढचे चार महिने ते पीक वरच्या पाण्यावर उभं नसतं. जमिनीनं आधी धरून ठेवलेल्या ओलीवर आणि थंडीवर ते वाढतं. भाद्रपद-अश्विनात ओल धरली नसेल, तर पौषात कितीही हळहळ केली तरी कणीस भरत नाही.

संगीतातली पहिली दोन वर्षं ही ओल धरायची वर्षं आहेत. ब्रिटनमध्ये स्लोबोडा, डेव्हिडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात 257 मुलांचा अभ्यास केला. काही उत्तम वाजवणारी, काही बेताची, काही सोडून दिलेली. टिकलेल्या मुलांना आपले पहिले शिक्षक कसे आठवत होते? प्रेमळ, गप्पिष्ट, मोकळे. सोडलेल्यांना? तुसडे. पुढच्या टप्प्यावर मात्र चित्र बदलतं, तेव्हा शिक्षकाला स्वतःला किती येतं हे मुलं बघायला लागतात. म्हणजे कडक, जाणकार गुरू लागतोच, पण पहिल्या दिवशी नाही.

मला हे पटतं कारण मी त्यातून गेले आहे. आठव्या वर्षी मला पेटीवर बसवलं होतं. कोमल गंधाराऐवजी शुद्ध लागला की बोटांच्या पेरांवर पट्टी बसायची. त्या शिक्षकांना येत खूप होतं. मी दीड वर्षात सोडलं आणि पुढची चौदा वर्षं पेटीचा आवाज आला की माझी बोटं आत मिटायची. परत गाण्याकडं वळले ती कॉलेज संपल्यावर, शेजारच्या आजींच्या भजनी मंडळात. तिथं कुणी कान पिळत नव्हतं. माझा स्वर हलला तर वीस बायकांच्या आवाजात तो सावरून जायचा.

यावर लोक म्हणतात, जुने गुरू मारायचे, तरी मोठे कलाकार घडलेच की. घडले, ते आपल्याला माहीत आहेत. मार खाऊन निघून गेलेल्यांची नोंद कोण ठेवणार? आणि घडलेल्यांचं दुसरं अंगही बघा. भीमसेन जोशी 1933 साली अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. पुढं कष्ट अपार झाले, पण 'माझं मी' ही गोष्ट त्या मुलाकडं काठोकाठ होती. आपण ज्याला हात धरून क्लासला आणून सोडतो, त्याच्याकडं ती नसते, त्याला आपणच ती हळूहळू द्यावी लागते.

"पण गळा उपजतच लागतो ना?"

फरक असतात, ते मी नाकारणार नाही. काही मुलं पहिल्या दिवशी षड्ज, म्हणजे सा, लावतात तो ऐकतच राहावा असा. पण माझ्या अनुभवात हीच मुलं मध्यमेला सर्वांत आधी जातात आणि त्याचं एक कारण आपल्या कौतुकात आहे.

अमेरिकेत क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी 1998 मध्ये पाचवीच्या मुलांवरचे काही प्रयोग प्रसिद्ध केले. मुलांना सोपी कोडी दिली, ती सुटल्यावर काहींना म्हटलं "तू हुशार आहेस", काहींना म्हटलं "तू मेहनत घेतलीस". फरक एका वाक्याचा. मग मुद्दाम अवघड कोडी दिली, त्यात सगळेच आपटले. त्यानंतर हुशार म्हटलेल्यांचा उत्साह गेला आणि पुढची सोपी कोडीही त्यांना आधीपेक्षा कमी सुटली. मेहनतीवर कौतुक झालेली मुलं खेळत राहिली आणि सुधारली.

"देवानं गळा दिलाय पोरीला" हे वाक्य आपण मायेनं म्हणतो. पण त्या पोरीला त्यातून काय कळतं? गाणं आलं तर देवानं दिलं म्हणून आलं आणि विलंबितात सम चुकली तर देवानं द्यायचं थांबवलं. तिनं स्वतः करण्यासारखं काही उरतच नाही. त्यापेक्षा "गेल्या आठवड्यात धैवत हलत होता, आज स्थिर राहिला, काय केलंस?" असं विचारा. तिला सांगायला काहीतरी असतं.

"मग परीक्षा आणि गुण वाईट का?"

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, म्हणून जरा थांबून सांगते.

1973 साली स्टॅनफर्डच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी एक प्रयोग केला. चित्रं काढायला मनापासून आवडणारी तीन ते पाच वर्षांची मुलं निवडली. एका गटाला आधी सांगितलं, चित्र काढलंस तर फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला तेच प्रमाणपत्र न सांगता, काढून झाल्यावर दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात रंगीत पेन समोर ठेवले आणि लपून पाहिलं. ज्यांनी प्रमाणपत्रासाठी म्हणून चित्र काढलं होतं, ती मुलं आता इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र शाबूत होती.

बक्षिसानं नुकसान झालं नव्हतं. 'यासाठी कर' या करारानं झालं होतं. आवडीचा खेळ मजुरी झाला आणि मजुरी मिळायची थांबल्यावर काम का करायचं?

वाढीव गुणांचं नेमकं हेच होतं. गुण मिळाले, दहावी झाली, तंबोऱ्याचं ॲप मोबाईलमधून गेलं. परीक्षा मी सोडत नाही, माझी मुलं परीक्षा देतात. अभ्यासाला दिशा मिळते, बाहेरच्या परीक्षकासमोर गाण्याचा धीर येतो. पण घरात बोलणं कशाबद्दल होतं ते महत्त्वाचं. "केंद्रात कितवी आलीस?" याआधी "परीक्षकांसमोर दुर्गा राग गाताना कसं वाटलं?" हा प्रश्न आला, तर परीक्षा मैलाचा दगड राहते. प्रवास तिथं संपत नाही.

"आम्हाला गाण्यातलं काही कळत नाही"

काळजी करू नका. त्याच ब्रिटिश अभ्यासात दिसलं की उत्तम वाजवणाऱ्या मुलांचे बहुतेक पालक स्वतः वादक नव्हते. ते शिक्षकांशी बोलत, सुरुवातीला मुलाजवळ बसत आणि मुलाबरोबर त्यांचंही संगीत ऐकणं वाढत गेलं.

आपल्या शहरात याला आणखी एक अंग आहे. क्लासमध्ये मुलं मराठी बोलतात, घरी कुणाची तेलुगू असते, कुणाची कन्नड, कुणाची उर्दू. आणि गायचं ते ब्रज भाषेत! बंदिशीत कोण कुणाची वाट बघतंय हे मुलाला माहीतच नसतं, ते नुसती अक्षरं गिळत असतं. एका मुलीची आजी पहाटे सिद्धरामेश्वरांची कन्नड वचनं म्हणायची. बाराव्या शतकातल्या, आपल्याच गावच्या संताची ती वचनं. मुलगी सोडायच्या बेतात होती. मी तिला म्हटलं, आजीचं एक वचन भूपात बसवून आण. तिला तीन आठवडे लागले. आजी पहिल्यांदा क्लासला आली, खुर्ची नको म्हणाली, सतरंजीवर भिंतीला टेकून बसली आणि नातीचा एक शब्द चुकला तिथं हात वर करून थांबवलं. त्या दिवसापासून रियाजाला आजी शेजारी बसते. 'आपली माणसं' म्हणतात ती ही.

वेळेचं म्हणाल, तर नळाला पाणी यायचा दिवस असला की कुणाच्याच घरी रियाज होत नाही, हे मला ठाऊक आहे. नको होऊ दे. बाकीच्या दिवशी वीस मिनिटं, ठरलेल्या वेळी, पेटी उघडी ठेवलेली. पेटी खोक्यात आणि खोकं पलंगाखाली असेल, तर वीस मिनिटांतली सात काढण्या-ठेवण्यातच जातात.

मुलांचा आवाज फुटतो तेव्हा

बारा ते चौदाच्या दरम्यान मुलाचा आवाज फुटतो. स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. मुलींबरोबर काळी चारच्या उंच पट्टीत गाणारा मुलगा एक दिवस पंचमावर फाटतो, वर्ग हसतो आणि पुढच्या आठवड्यापासून त्याला 'ट्यूशन' असते. इथं सोडणाऱ्यांना आवड नसते असं म्हणणं अन्याय आहे. त्याला आधी सांगून ठेवा की हे होणार आहे, वर्ष-दीड वर्षात बसेल. तोवर पट्टी उतरवा, तारसप्तक बंद, मंद्रात हळू गाऊ द्या, जोडीला तबला किंवा पेटी द्या. गेल्या वर्षी अशा एका मुलाला मी वेगळं बसवलं आणि तंबोरा हळूहळू खाली आणत गेले. काळी एकवर त्याचा नवा षड्ज लागला तेव्हा त्यानं स्वतःच्या गळ्यावर हात ठेवून पाहिला.

"म्हणजे कंटाळा आला की सोडू द्यायचं?"

नाही. 'माझं मी' याचा अर्थ मोकाट सोडणं असा होत नाही. पालकानं चौकट धरावी, आतली निवड मुलाची असावी. रियाज होणार हे ठरलेलं, पण सकाळी की संध्याकाळी, आधी पलटे, म्हणजे स्वरांचे सराव, की आधी आवडीचं भजन, ते मूल ठरवेल. कारणही द्या. "मी सांगते म्हणून" यापेक्षा "पलटे घोटले की तान पळते, ऐक" हे मुलाला कळतं.

आणि सोडतो म्हणालं तर तिन्ही गोष्टी एकेक करून तपासा. अवघड पायरी आलीय का? एकटं पडलंय का? सगळं आपणच ठरवतोय का? जे कमी असेल ते भरून एक सत्र थांबा. कधी शिक्षक बदलावा लागतो, कधी वाद्य, आणि शिक्षक म्हणून हे मला जड मनानं लिहावं लागतं. एवढं करूनही मूल नको म्हणालं तर सोडू द्या, पण भांडून नको. शिव्या खाऊन सोडलेल्या वाद्याला माणूस परत हात लावत नाही. माझी चौदा वर्षं गेली.

त्या लेझीमवाल्या मुलाच्या आईनं गणपतीनंतर मला फोन केला होता, तबला विकायचा तर किती येतील म्हणून. मी म्हटलं, वर्षभर थांबा आणि माळ्यावर टाकू नका, हाताशी ठेवा. या जूनमध्ये धाकट्या बहिणीला गाण्याला घालायला ती आली तेव्हा तोही बरोबर होता. बाकावर बसून बोटांनी मांडीवर काहीतरी वाजवत होता. मी विचारलं, काय वाजवतोयस? "आमच्या हलगीचा ठेका," म्हणाला. मग जरा थांबून, "बाई, हा कहरवाच आहे ना? धा गे न ति, न क धि न. सरांना दाखवू का?"

सर आत शिकवत होते. मी दार लोटून दिलं.